फोकसरावांच्या दोन छत्र्या

फोकसरावांच्या हातात कॅमेरा दिसला की ओळखीची माणसं आधी बसायला खुर्ची शोधतात. "थांबा, फोकस करतोय" हे त्यांचं वाक्य आणि प्रत्यक्ष फोटो यांच्यामध्ये बराच काळ जातो. तेवढ्यात चहा निवतो, चेहऱ्यावरचं हसू आंबतं आणि कडेला उभी असलेली पोरं खेळायला पळून जातात. विमा कंपनीच्या हिशेब खात्यात त्यांना हे नाव पडलं आणि ते इतकं पक्कं बसलं की त्यांची बायकोही माहेरी फोनवर बोलताना "आमचे फोकसराव" असंच म्हणते. समोर मात्र "अहो". तेवढा मान तिने राखलेला आहे.

त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर ती माहेरचा जुना अल्बम घेऊन बसली होती. तिच्या आईवडिलांच्या लग्नाला लवकरच पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. पानं उलटता उलटता ती एकदम थांबली.

"अहो, ह्यात आईबाबांचा दोघांचाच असा एकही फोटो नाही."

फोकसरावांनी डोकावून पाहिलं. खरंच नव्हता. प्रत्येक फोटोत दोघांच्या मध्ये कुणी ना कुणी होतंच. काका, आत्या, शेजारची बाई, एका फोटोत तर कुणाचा तरी ड्रायव्हर. याला कारण सासरे. ते जन्मभर शाळेत हजेरी घेत आलेले मास्तर. फोटोच्या चौकटीबाहेर कुणी उभं दिसलं की त्यांना तो गैरहजर वाटायचा, आणि मग ते हात वर करून त्याला बोलावून घ्यायचे.

"मला त्यांचा दोघांचाच एक छान फोटो हवाय," बायको म्हणाली. "मोठा करून खोलीत लावण्यासारखा. बास, एवढंच."

तिने आवाज चढवला नव्हता, रुसलीही नव्हती. पण ती फारसं कधी काही मागत नाही, आणि मागते तेव्हा अशीच साधेपणाने मागते, हे फोकसरावांना ठाऊक होतं. त्यांची छाती पुढे आली.

"मी काढतो. स्टुडिओत काढल्यासारखा."

"मग स्टुडिओतच नेऊ या ना."

हा मार्ग मात्र सासऱ्यांनीच कायमचा बंद करून ठेवला होता. पेन्शनच्या कागदांसाठी ते एकदा स्टुडिओत गेले होते. तिथल्या फोटोग्राफरने त्यांची हनुवटी दोन बोटांत धरून डावीकडे वळवली. "माझ्या आईनंतर माझ्या हनुवटीला कुणी हात लावला नव्हता," असं म्हणून ते फोटो न काढताच घरी आले होते. तेव्हा स्टुडिओच घरी न्यायचा, असं ठरलं. निदान फोकसरावांनी तसं ठरवलं. बायकोने फक्त बजेट ठरवलं. नव्या गादीसाठी बाजूला ठेवलेले पैसे घ्या म्हणाली, पण निदान उशा तरी येतील एवढे उरवा.

इथून पुढे फोकसरावांचा अभ्यास सुरू झाला. फ्लॅशच्या दिव्यांवर जगात किती माणसं किती बोलतात याची तुम्हाआम्हाला कल्पना नसते. एकजण सांगे, दिवा मोठा असला की सावली मऊ पडते. दुसरा म्हणे, दिवा कसलाही घ्या, त्याचा उजेड पसरवणारी पांढरी छत्री चांगली पाहिजे. तिसरा सगळ्या दिव्यांचे दोष सांगून शेवटी सांगे की सूर्यप्रकाशासारखं दुसरं काही नाही. फोकसराव ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीतही हेच ऐकत बसायचे. एकदा चुकून कानातली वायर निसटली आणि "सावलीला घाबरू नका" असा कुणाचा तरी भारदस्त आवाज अख्ख्या हिशेब खात्याने ऐकला. त्यानंतर आठवडाभर सहकारी त्यांना अध्यात्माचे प्रश्न विचारत होते.

शेजाऱ्यांना सुगावा लागायला वेळ लागला नाही. समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त इंजिनिअर चप्पल न घालताच धावत आले.

"वॅट किती?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"अजून घेतलाच नाही हो."

"घ्यायच्या आधीच विचारायचं असतं! आपल्या इमारतीचं वायरिंग माझ्या वयाचं आहे. मला झेपत नाही ते त्याला कसं झेपेल?"

वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खुर्चीवरचा दिवा वापरायला देऊ केला. फक्त ज्याचा फोटो काढायचा त्याला दवाखान्यात यावं लागेल आणि तोंड उघडं ठेवावं लागेल, असं त्या हसत म्हणाल्या. फोकसरावांना विनोद कळला, पण आवडला नाही. कलेच्या बाबतीत ते हळवे आहेत.

शेवटी ते दुकानात गेले. दुकानदाराने आधी खरा स्टुडिओचा संच दाखवला. पेटीएवढे दोन दिवे, त्यांना तंबूसारख्या पांढऱ्या पेट्या, चाकांचे स्टँड. फोकसरावांनी त्यावरून हलकेच हात फिरवला आणि भाव विचारला. भाव ऐकल्यावर त्यांनी हात मागे घेतला.

"ह्याच्यापेक्षा थोडा लहान?"

दुकानदाराने लहान दाखवला. मग त्याहून लहान, मग त्याहून. असं करत करत दोघेही काउंटरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यापाशी उकिडवे बसले. तिथे साबणाच्या वडीपेक्षा थोडे मोठे असे दोन फ्लॅश होते.

"हे घ्या. वायर नको, रेडिओचा ट्रिगर नको. ह्याला पुढे डोळा आहे," दुकानदार म्हणाला. "तुमच्या कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उडाला की हा ते बघतो आणि आपणही उडतो. मागे बटण आहे. एकवर ठेवलं तर..."

"हो हो, माहीत आहे," फोकसराव म्हणाले.

त्यांना काही माहीत नव्हतं. पण सगळ्यात स्वस्त वस्तू घेणाऱ्या माणसाला दुकानात आब राखायला दुसरं साधन नसतं. दुकानदारानेही खांदे उडवले आणि दोन पांढऱ्या छत्र्यांसह सगळं पिशवीत भरलं. स्टँडला पैसे उरले नाहीत. एका स्टँडचं काम कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडने केलं. दुसऱ्यासाठी डॉक्टरीणबाईंनी ओळखीच्या नर्सिंग होममधून सलाइनची बाटली टांगायचा उंच दांडा आणून दिला. त्याला चाकं होती, त्यामुळे फोकसरावांना आपण थोडेफार मोठ्या संचाच्या जवळ गेलो असं वाटलं.

चाचणी म्हणून त्यांनी घरातल्या फुलदाणीचे फोटो काढायला सुरुवात केली. बटण एकवर होतं, दिवे झकास उडत होते. फुलदाणी इतकी देखणी यापूर्वी कधी दिसली नव्हती. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी हजर झाले.

"तुमच्या खिडकीत विजा चमकतात अशी तक्रार आहे," ते म्हणाले. मग त्यांची नजर छत्र्यांवर आणि सलाइनच्या दांड्यावर गेली. "धंदा कसला सुरू केलाय? राहत्या जागेत दवाखाना चालत नाही. स्टुडिओही चालत नाही. छत्रीदुरुस्ती तर मुळीच नाही."

"सासूसासऱ्यांचा फोटो काढायचाय हो."

"मग तसा अर्ज द्या. कमिटीपुढे ठेवतो."

फोकसरावांनी अर्ज लिहिला. त्यात "सदर छत्र्या पावसाच्या नसून उजेडाच्या आहेत" असं एक वाक्य होतं. कमिटीने त्यावर हरकत घेतली, की उजेडाची छत्री असा प्रकार नियमावलीत नाही. शेवटी सेक्रेटरींचाच एक फोटो काढून दिल्यावर सगळं मिटलं. फोटो चांगला आला. फक्त सेक्रेटरींच्या मते त्यात ते होते त्यापेक्षा जाड दिसत होते, आणि याचा दोष त्यांनी छत्रीला दिला.

लग्नाच्या वाढदिवसाचा दिवस उजाडला. फोकसराव टॅक्सीच्या खिडकीतून सलाइनचा दांडा बाहेर काढून सासुरवाडीला पोहोचले. रस्त्यात दोन गाड्यांनी सहानुभूतीने वाट दिली. दारात साडूभाऊ उभे होते.

साडूभाऊंविषयी थोडं सांगायला हवं. ते टायर विकतात. त्यांना कशाचाही अभ्यास करावा लागत नाही. ते रांगेत उभे राहिले की दुसरी खिडकी उघडते. ते चुकीच्या बसमध्ये चढले की ती बसच त्या दिवशी त्यांच्या घरावरून जाते. त्यांच्या गळ्यात दोरीने लटकवलेला एक जुना, खिशात मावणारा कॅमेरा असतो. त्याला ते "माझं खेळणं" म्हणतात. फोकसरावांना त्या शब्दाचा राग येतो, कारण त्या खेळण्याचे फोटो अल्बममध्ये आहेत आणि फोकसरावांचे नाहीत.

"काय फोकसराव, पेशंट कुठंय?" साडूभाऊंनी दांड्याकडे पाहून विचारलं.

फोकसरावांनी दिवाणखाना ताब्यात घेतला. सोफा ओढला, भिंतीवर पांढरी चादर लावली, तिच्या सुरकुत्या काढण्यासाठी टांगलेल्या चादरीवरूनच मेहुणीला इस्त्री फिरवायला लावली. उजवीकडे छत्री, डावीकडे छत्री. सासूबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या, सासरे कोट घालून आले. दोघे सोफ्यावर एकमेकांपासून एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून बसले. सवयच होती.

आणि इथे फोकसरावांनी ती चूक केली. आज दोन माणसांचा फोटो, खोलीही मोठी, तेव्हा उजेड जरा जास्त हवा असं त्यांच्या मनात आलं. फ्लॅशच्या मागे बटण होतं, त्यावर एक आणि दोन. घरच्या पंख्याच्या रेग्युलेटरवर एकपेक्षा दोन जोरात असतो. त्यांनी दोन्ही बटणं दोनवर केली आणि समाधानाने मागे सरले.

"थांबा, फोकस करतोय."

सगळे थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्यावरचा इवलासा फ्लॅश चमकला. छत्र्या गप्प. फोटोत सासूसासऱ्यांचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे पांढरे आणि मागे अंधार. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"मीही एक घेतो," असं म्हणत साडूभाऊंनी गळ्यातलं खेळणं उचललं. "बाबा, हसा."

फट्ट! दोन्ही छत्र्या एकदम उजळल्या. सगळी खोली दुधासारख्या प्रकाशाने भरून गेली. साडूभाऊंच्या कॅमेऱ्याच्या मागे सगळं घर गोळा झालं.

"अगं बाई! काय सुरेख आलाय!" मेहुणी म्हणाली.

"खेळणं आहे हो," साडूभाऊ नम्रपणे म्हणाले.

फोकसरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवे त्यांचे. छत्र्या त्यांच्या. गादी त्यांची गेली. आणि उजेड साडूंना! त्यांनी सेल बदलले, दिव्यांच्या डोळ्यांवर फुंकर मारली, छत्र्या इकडच्या तिकडे केल्या. बटण दाबलं की दिवे निर्विकार. साडूभाऊंनी नुसता कॅमेरा उचलला की फट्ट!

"दिवे त्यांना ओळखत असतील," सासरे गंभीरपणे म्हणाले.

"साडूभाऊ, तुम्ही जरा कॅमेरा खाली ठेवा बरं!"

"अहो, मी काय करतोय? तुमचेच दिवे माझ्यावर खूश आहेत."

बरं, साडूभाऊंच्या त्या देखण्या फोटोंचा उपयोगही काही नव्हता. उजेड पडतोय म्हटल्यावर सासऱ्यांनी हात वर करून हजेरी सुरू केली होती. "तू ये. तू कुठं चाललीस? ये इकडे." प्रत्येक फोटोत दोघांच्या मध्ये पुन्हा कुणीतरी बसलेलं. एकात सफाईवाल्या बाई होत्या, हातात केरसुणीसकट. सासूबाईंची पाठ दुखायला लागली. "झालं का रे बाबांनो? मी जरा आडवी होते," असं त्या दोनदा म्हणाल्या.

फोकसराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"अहो, राहू दे आता," ती म्हणाली. "आई दमलीय. एकदा कोट काढला की बाबा पुन्हा घालायचे नाहीत. नाही होत तर नाही."

तिचा आवाज चिरकला. फोकसरावांना खरोखर वाईट वाटलं. आतापर्यंत त्यांना अपमान वाटत होता. त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण साडूंशी भांडतोय, आणि जिने एक फोटो मागितला होता ती इथे डोळे पुसतेय.

ते बाहेर आले आणि प्रथमच साडूभाऊंच्या कॅमेऱ्याकडे रागाशिवाय पाहिलं. "एकदा उडवा हो. भिंतीकडे." साडूभाऊंनी उडवला. तो एकदा नाही, दोनदा चमकत होता. आधी एक बारीक मिचकावणी, मग खरा फ्लॅश. फोकसरावांचा कॅमेरा एकदाच चमकायचा. दोनवर ठेवलेला दिवा पहिली चमक सोडून देतो आणि दुसरीची वाट बघतो! फोकसरावांच्या एकुलत्या एका चमकेनंतर ते बिचारे दिवे दुसरी कधी येते म्हणून ताटकळत बसले होते. दुकानदार सांगत होता ते हेच.

त्यांनी लगबगीने बटणं एकवर केली, कॅमेरा उचलला, दाबला. फट्ट! दोन्ही छत्र्या त्यांच्यासाठी उजळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण फोटोत सासऱ्यांचा हात वर होता, तोंड उघडं होतं आणि मध्ये अर्धी मेहुणी होती. "आता शेवटचा, दोघांचाच!" असं म्हणून त्यांनी पुन्हा बटण दाबलं. कॅमेऱ्याने एक क्षीण आवाज केला आणि डोळा मिटला. सकाळपासूनच्या खटाटोपात बॅटरी संपली होती. चार्जर घरी फुलदाणीशेजारी होता.

"मोबाइलवर काढा ना," मेहुणी म्हणाली आणि काढलाही. मोबाइलच्या मिणमिणत्या दिव्याची छत्र्यांनी दखलही घेतली नाही.

सासूबाई उठायला लागल्या. फोकसरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि बटणं परत दोनवर केली.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "तुमचा कॅमेरा द्या."

"घ्या की."

साडूभाऊंनी दोरी गळ्यातून काढायला घेतली. ती कानात, चष्म्यात आणि सदऱ्याच्या बटणात अशी काही अडकली की निघेना. ओढली तेव्हा गाठ आणखी घट्ट झाली आणि साडूभाऊंचा चेहरा लाल व्हायला लागला.

"राहू दे, राहू दे! तसाच धरा!" फोकसराव ओरडले. ते साडूभाऊंच्या पाठीवर जवळजवळ स्वार झाले. त्यांनी गालाला गाल लावून छोट्या पडद्यावर नजर रोखली. "खाली वाका. अजून. उजवीकडे. श्वास सोडू नका, कॅमेरा हलतोय!"

"अहो, मला श्वास घेता येत नाहीये! माझ्या पायावर उभे आहात तुम्ही!"

"थांबा, फोकस करतोय!"

"ह्याला फोकस नाही, नुसतं दाबा!"

घरातली सगळी माणसं ही मजा बघायला कॅमेऱ्यामागे धावली. सफाईवाल्या बाईसुद्धा. सोफ्यावर दोघेच उरले. आपले दोन्ही जावई एकाच कॅमेऱ्याला चिकटून, वाकून, एकमेकांच्या कानात भांडताना पाहून सासूबाईंना हसू फुटलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला, पण ते काही आवरेना. त्या हसता हसता सासऱ्यांच्या खांद्यावर कलंडल्या. सासरे हात वर करणार होते. तो तसाच अर्ध्यावरून खाली आला आणि बायकोच्या हातावर विसावला. ते तिच्याकडे बघून हसायला लागले. इतकं हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

साडूभाऊंचं बोट बटणावर होतं. फोकसरावांचं बोट साडूभाऊंच्या बोटावर होतं.

फट्ट!

फोटो पाहून बायकोने कॅमेरा, म्हणजे दोरीसकट साडूभाऊंना, खिडकीपाशी ओढत नेलं आणि बराच वेळ बघत उभी राहिली. मग ती रडली आणि रडता रडता हसली. फोकसरावांना त्या क्षणी गादीचं अजिबात दुःख राहिलं नाही.

फोटो मोठा करून चौकटीत बसवला आणि सासूसासऱ्यांच्या खोलीत लागला. येणारा प्रत्येकजण त्यापुढे थांबू लागला. पुढच्याच भेटीत फोकसरावांनी आपली कलाकृती जवळून न्याहाळली, आणि त्यांच्या तोंडचा चहा तोंडातच राहिला. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत चौकटवाल्याच्या दुकानाचं नाव छापलेलं होतं. पाहुणे विचारत, "कुठल्या स्टुडिओत काढला हो?" आणि सासूबाई चष्मा लावून ते नाव मोठ्या कौतुकाने वाचून दाखवत.

संतापाने लाल झालेले साडूभाऊ आधीच दारात उभे होते. त्यांनीही ते वाचलं होतं. आयुष्यात प्रथमच दोघे साडू एका मताचे झाले आणि एकाच रिक्षातून चौकटवाल्याकडे गेले.

"दुसऱ्याच्या फोटोवर स्वतःचं नाव छापता? लाज नाही वाटत?" फोकसरावांनी काउंटरवर हात आपटला.

"चोरी आहे ही सरळ सरळ," साडूभाऊ म्हणाले.

चौकटवाला शांत माणूस होता. "फोटो इतका चांगला होता साहेब, मला वाटलं नाव असलेलं बरं. खाली कुणाचंच नव्हतं. चूक झाली. आत्ता बदलून देतो." त्याने सोनेरी शाईचं पेन उघडलं आणि वर पाहिलं. "फोटो काढला कुणी?"

"मी," दोघे एकदम म्हणाले.

चौकटवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"आधी तुमच्यात ठरवून या."

म्हणून ते दोघे शेजारच्या हॉटेलात चहा घेऊन ठरवायला बसले. फोकसराव म्हणाले, उजेड माझा. साडूभाऊ म्हणाले, कॅमेरा माझा. बोटाचा मुद्दा निघाला तेव्हा चहा निवला, म्हणून दुसरा मागवावा लागला. हल्ली ते दोघे दर रविवारी तिथे ठरवायला बसतात. बायका म्हणतात, इतकी दोस्ती जमेल असं वाटलं नव्हतं. नाव काही अजून ठरलेलं नाही.